जुन्या बुलेटवर इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे टायमिंग: टॉप शोधण्यापासून स्ट्रोबच्या खुणेपर्यंत

इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किटमध्ये येणाऱ्या चकतीवर एक बारीक ठिपका असतो आणि तो ठिपका अमुक भोकासमोर आणून स्क्रू आवळावा, असे सोबतच्या कागदावर लिहिलेले असते. तेवढ्यावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. हा ठिपका मात्र कारखान्यात ठरवलेला असतो. पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या इंजिनातील गिअरची झीज किंवा कोणे एके काळी बदललेले डिस्ट्रिब्युटर (स्पार्कची वेळ ठरवणारा भाग) त्याने हिशेबात धरलेले नसते. स्पार्क पिस्टनच्या जागेवरून मोजायचा असतो, म्हणून आधी पिस्टनची जागा स्वतः शोधावी, तिची खूण स्वतः करावी आणि मग किटला त्या खुणेवर आणावे. हा लेख याच क्रमाने लिहिला आहे.

उदाहरणासाठी माझ्यासमोर उजव्या गिअरची, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट 350 आहे. तिचा बोअर 70 मिमी, स्ट्रोक 90 मिमी आणि क्षमता 346 सीसी आहे. सिलिंडरच्या मागे असलेले डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक स्पार्क पडतो. येझदी, राजदूत किंवा आरएक्स 100 असलेल्यांनाही टॉप (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) शोधण्याचा आणि स्ट्रोबचा, म्हणजे स्पार्कच्या क्षणी चमकणाऱ्या टायमिंग लाइटचा, भाग तसाच लागू पडेल. आरएक्स 100 तर 1985 साली आली तेव्हाच सीडीआय, म्हणजे पॉइंट नसलेले इलेक्ट्रॉनिक इग्निशन, घेऊन आली होती. मात्र टू-स्ट्रोक गाड्यांत क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्पार्क पडतो, हे मोजताना लक्षात ठेवावे लागते.

आकड्यांचा थोडा विचार

हवा आणि पेट्रोलचे मिश्रण पेटून दाब पूर्ण वाढायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन टॉपला पोहोचण्याआधीच स्पार्क द्यावा लागतो. हजार आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 6 अंश फिरतो आणि तीन हजारांना 18 अंश. ज्वाळेला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे वेग वाढेल तसा स्पार्क अधिक आधी द्यावा लागतो. पॉइंटच्या (उघडमीट होऊन स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांच्या) गाडीत हे काम डिस्ट्रिब्युटरमधली स्प्रिंगवाली वजने करतात. किटचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात फक्त पॉइंटची जागा सेन्सर घेतो आणि वजने तशीच राहतात, तर दुसऱ्यात अ‍ॅडव्हान्स देण्याचे काम (म्हणजे स्पार्क टॉपच्या आधी पाडण्याचे) किटची इलेक्ट्रॉनिक डबी स्वतः करते आणि वजने काढून टाकावी किंवा जाम करावी लागतात. आपले किट कोणत्या प्रकारचे आहे हे कागदावर वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

हे इतक्या ठासून सांगण्यामागे माझीच एक चूक आहे. पहिले किट बसवताना मी वजने तशीच मोकळी ठेवली. ठाण्यात खोपटच्या सपाट रस्त्यावर गाडी झकास पळाली, पण उपवनवरून येऊरचा चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये हेडमधून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. घरी येऊन स्ट्रोब लावला तेव्हा खूण 45 अंशांच्याही पलीकडे पळत होती, कारण डबीचा अ‍ॅडव्हान्स आणि वजनांचा अ‍ॅडव्हान्स यांची बेरीज होत होती. त्या आवाजाकडे दुर्लक्ष करून मी घोडबंदरला गेलो असतो, तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागला नसता.

पॉइंटच्या बुलेटसाठी जुना संकेत असा आहे की, वजने मिटलेली असताना पिस्टन टॉपच्या 0.8 मिमी अलीकडे आला की पॉइंट उघडू लागावेत. कनेक्टिंग रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट धरली, तर 90 मिमी स्ट्रोकवर हे अंतर दहा अंशांहून किंचित कमी येते. याच हिशेबाने 20 अंशांना पिस्टन टॉपच्या सुमारे 3.4 मिमी खाली असतो, 28 अंशांना 6.5, 30 अंशांना 7.4 आणि 32 अंशांना 8.4 मिमी. यावरून दोन गोष्टी कळतात. टॉपजवळ एका अंशाला पिस्टन जेमतेम 0.17 मिमी हलतो, त्यामुळे तिथे मिलिमीटरमध्ये मोजताना हात थोडा चुकला तरी अंशांत मोठी चूक होते. 30 अंशांच्या आसपास मात्र तो एका अंशाला जवळजवळ अर्धा मिलिमीटर हलतो, म्हणून फुल अ‍ॅडव्हान्सची खूण अधिक भरवशाची ठरते.

आधी करावयाच्या तपासण्या

टायमिंगला हात लावण्याआधी बाकीचे इंजिन ठीक असायला हवे, नाहीतर टॅपेटचा किंवा कार्ब्युरेटरचा दोष आपण डिस्ट्रिब्युटर फिरवून झाकत बसतो. थंड इंजिनात, काम्प्रेशनच्या टॉपवर (दोन्ही व्हॉल्व मिटलेले असताना), पुशरॉड बोटांनी सहज फिरावेत पण वर-खाली खुळखुळू नयेत, इतके टॅपेट जुळलेले असावेत. कार्ब्युरेटर आणि हेडच्या जोडातून हवा आत खेचली जात नसल्याची खात्री करावी. आता पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या जेटवर मिश्रण थोडे पातळ होते आणि पातळ मिश्रणाची लक्षणे चुकलेल्या टायमिंगसारखीच दिसतात. त्यामुळे प्लगचे टोक पांढरेफटक असेल, तर आधी जेटचा विचार करावा.

विजेच्या बाजूला मल्टिमीटर लागतो. तो आणि पुढे लागणारा टायमिंग लाइट मी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि नागदेवी स्ट्रीट पालथे घालून घेतले, पण हल्ली ते घरपोचही मिळतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवले पाहिजे. मरतुकड्या बॅटरीवर डबी किक मारताना गोंधळते आणि स्पार्क नको त्या क्षणी पडू शकतो. काही फार जुन्या गाड्या 6 व्होल्टच्या आहेत; त्यांना 12 व्होल्टचे किट चालणार नाही. कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलमधला रोध मोजून किटच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावा, कारण रोध फार कमी असेल तर डबीतून जास्त प्रवाह जाऊन ती जळते. प्लगची टोपी रोधक असलेलीच हवी. इंजिनापासून फ्रेमपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढावी, कारण ठाण्याच्या दमट हवेत रंगाखालचा गंज अर्थ हळूहळू खाऊन टाकतो आणि त्याचा दोष किटच्या माथी येतो. शेवटची सूचना अशी की, प्लग बाहेर काढून स्पार्क पाहताना त्याची धातूची बाजू इंजिनाला नीट टेकलेली असावी. टोपी हवेत लोंबकळत ठेवून किक मारल्यास डबी तत्क्षणी जाऊ शकते.

खरा टॉप शोधणे

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. पूर्वी प्लगच्या भोकातून सायकलचा आरा घालून तो वर यायचा थांबला की टॉप आला, असे समजत. पण पिस्टन टॉपजवळ काही अंशांपर्यंत जवळपास स्थिरच असतो, शिवाय बुलेटचा प्लग तिरका बसतो, त्यामुळे आऱ्याची हालचाल पिस्टनच्या हालचालीइतकी नसते. म्हणून अडथळ्याची पद्धत वापरावी.

एक जुना प्लग घेऊन त्यातली चिनी माती फोडून काढावी, आत बोल्ट बसवून वेल्ड करून घ्यावा आणि बोल्टचे टोक कानशीने गोल करावे. हा पिस्टनचा अडथळा झाला. अंशचकती विकत आणण्याची गरज नाही. स्टेशनजवळच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात 360 अंशांचे वर्तुळ छापून घेऊन ते जुन्या सीडीवर चिकटवले की काम भागते, फक्त मधले भोक नेमके मध्यावर आले पाहिजे. आता गाडी मेन स्टँडवर घ्यावी, प्रायमरी कव्हर (क्रँकपासून क्लचपर्यंतची चेन झाकणारे) उघडण्याआधी खाली ट्रे ठेवून तेल काढावे आणि अल्टरनेटरच्या रोटरवर, म्हणजे थेट क्रँकच्या टोकावर, ही चकती घट्ट बसवावी. जवळच्या एखाद्या स्टडला तारेचा काटा बांधून त्याचे टोक चकतीच्या कडेला लागेल असे वाकवावे.

प्लग काढावा, टॉप गिअर टाकावा आणि मागचे चाक हाताने पुढे फिरवत पिस्टन अंदाजे टॉपवर आणून काट्यासमोर शून्य ठेवावा. नंतर पिस्टन बराच खाली नेऊन अडथळा भोकात बसवावा. फोर-स्ट्रोक इंजिनात इथे एक धोका आहे: क्रँक एका दिशेने अडल्यावर तो उलट फिरवत दुसऱ्या बाजूच्या अडथळ्याकडे नेताना वाटेत व्हॉल्व उघडतात आणि ते बोल्टच्या टोकाला लागू शकतात. म्हणून या कामापुरते टॅपेट पुरेसे सैल करून ठेवावेत आणि चाक दोन बोटांच्या जोरानेच फिरवावे. जरा जरी नको तिथे अडले तरी थांबून बोल्ट थोडा आखूड करावा. या टप्प्यावर किक मारणे तर दूरच, किकवर पाय ठेवण्याचाही मोह टाळावा.

चाक पुढे फिरवत पिस्टन बोल्टला हलकेच टेकला की काट्यासमोरचा आकडा कागदावर लिहावा, मग उलट फिरवत पुन्हा टेकेपर्यंत नेऊन दुसरा आकडा लिहावा. मागच्या वेळी माझे आकडे टॉपच्या अलीकडे 41 आणि पलीकडे 35 असे आले होते. त्यांची बेरीज 76, म्हणजे दोन्ही बाजूंना 38 यायला हवे होते आणि अंदाजाने ठेवलेला माझा शून्य तब्बल 3 अंशांनी चुकला होता. काटा तितका सरकवून पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत हेच करावे. मग अडथळा काढून चाक पुढच्याच दिशेने फिरवत शून्यावर आणावे. आता काट्यासमोर जो शून्य आहे तो खरा टॉप आहे.

पुढची पायरी खुणांची. रोटरच्या कडेवर आणि स्थिर असलेल्या स्टेटरवर समोरासमोर एक बारीक रेघ टोकदार सुईने ओढावी. ही टॉपची खूण. मग किटच्या कागदावर फुल अ‍ॅडव्हान्सचा जो आकडा दिला असेल, समजा 30 अंश, तितके टॉपच्या अलीकडे क्रँक आणून रोटरवर दुसरी रेघ ओढावी. क्रँक मागे फिरवून थेट 30 वर आणू नये. आधी 50 पर्यंत मागे न्यावे आणि मग पुढे येत 30 वर थांबावे, म्हणजे गिअर आणि चेनमधली ढिलाई नेहमी एकाच बाजूला राहते. टॉपच्या रेघेत पांढरा आणि दुसऱ्या रेघेत पिवळा रंग भरावा. नेलपॉलिश यासाठी उत्तम. टॅपेट पुन्हा जुळवायला विसरू नये.

इंजिन बंद असताना टायमिंग

पॉइंटच्या दिवसांत आमच्या नौपाड्यातले एक जुने मिस्त्री हेडलाइटच्या आवरणातल्या अ‍ॅमीटरवरच काम भागवत. पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो आणि उघडले की मध्यावर येतो, त्या क्षणी पिस्टन कुठे आहे ते ते पाहत. बारीक तपासणी करायची असेल तर पॉइंटमध्ये बिडीचा कागद धरून तो सुटण्याचा क्षण पकडत. इलेक्ट्रॉनिक किटवर ही युक्ती बहुधा चालत नाही, कारण इंजिन थांबल्यावर बऱ्याच डब्या कॉइलचा प्रवाह आपणच तोडतात. त्याऐवजी काही किटच्या सेन्सरवर एक छोटा एलईडी असतो आणि स्पार्कच्या क्षणी तो लागतो किंवा विझतो. तो कोणता हे कागदावर दिलेले असते. एलईडी नसेल तर ठिपका आणि भोक जुळवण्यापलीकडे काही करता येत नाही.

आधी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून चाक पुढे फिरवावे आणि आतला रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते पाहून ठेवावे. सेन्सरची प्लेट त्याच्या विरुद्ध दिशेला सरकवली की स्पार्क लवकर पडतो, म्हणजे टायमिंग अ‍ॅडव्हान्स होते, आणि त्याच दिशेला सरकवली की रिटार्ड होते. डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे प्लेटचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश होतात. 25 मिमी त्रिज्येच्या प्लेटच्या कडेवर एक अंश म्हणजे 0.44 मिमी, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकल्याने क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. स्क्रू आवळताना प्लेट तेवढी सहज सरकते, म्हणून स्क्रू आवळल्यानंतर मापन पुन्हा करावे.

वजने शाबूत असलेल्या किटमध्ये क्रँक काम्प्रेशनच्या टॉपच्या दहा अंश अलीकडे आणून एलईडी नेमका बदलेल अशी प्लेट लावावी. डबीच अ‍ॅडव्हान्स देत असेल तर कागदावर सांगितलेल्या जागेवर प्लेट लावावी आणि तिला फक्त सुरुवात समजावे. या दोन्ही वेळी इंजिन काम्प्रेशनच्या टॉपवर आहे ना, एक्झॉस्टच्या नाही ना, हे दोन्ही पुशरॉड मोकळे आहेत का ते पाहून ठरवावे. हे चुकले तर गाडी सुरू होत नाही किंवा कार्ब्युरेटरमधून भडका येतो.

स्ट्रोबखाली

खरे टायमिंग चालत्या इंजिनावरच कळते. टायमिंग लाइटला वीज गाडीच्या बॅटरीतून न देता वेगळ्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून द्यावी, नाहीतर लाइट अधूनमधून उगीच चमकतो. त्याची चिमटी प्लगच्या जाड वायरवर, बाण प्लगकडे करून लावावी. लाइटवर अंश फिरवायचा नॉब असेल तर तो शून्यावरच ठेवावा. आपली खूण आपण स्वतः केली आहे, त्यामुळे त्याची गरज नाही. क्रँकवर बसणाऱ्या किटमध्ये प्रत्येक फेरीला स्पार्क पडतो आणि असे लाइट तिथे आरपीएम दुप्पट दाखवतात.

प्रायमरी कव्हर उघडे असताना चेन आणि क्लच समोरच फिरत असतात, म्हणून सैल बाह्या, गळ्यातली साखळी, स्ट्रोबच्या लोंबत्या वायरी हे सगळे दूर ठेवावे. चकती आणि काटा आधीच काढून ठेवावेत. जवळ लहान मुले असतील तर हे काम दुसऱ्या दिवशी करावे. तेलाशिवाय प्रायमरी चेन फार वेळ फिरवू नये आणि उभ्या गाडीला हवा मिळत नसल्याने इंजिनही लवकर तापते. मी समोर टेबलफॅन ठेवतो आणि एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करायचे तर रविवारी सकाळी दहानंतरची वेळ बरी, म्हणजे वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांपर्यंत कोणाची तक्रार येत नाही.

इंजिन आधी चांगले गरम करून घ्यावे. प्रकाश खुणांवर टाकून हळूहळू थ्रॉटल उघडावे. आरपीएम वाढतील तशी रोटरवरची पिवळी रेघ स्टेटरच्या रेघेकडे सरकू लागेल आणि एका टप्प्यावर तिचे सरकणे थांबेल. तो टप्पा फुल अ‍ॅडव्हान्सचा. किटप्रमाणे तो साधारण 3000 ते 5000 आरपीएमच्या दरम्यान येतो. तिथे दोन्ही रेघा समोरासमोर असल्या पाहिजेत. रोटर फिरतो त्या दिशेने पाहता पिवळी रेघ स्टेटरच्या रेघेपर्यंत पोहोचलीच नसेल तर स्पार्क लवकर पडतो आहे आणि पुढे निघून गेली असेल तर उशिरा. इंजिन बंद करावे, प्लेट चिमूटभर सरकवावी, आवळावी आणि पुन्हा पाहावे. चालू इंजिनावर प्लेट सरकवण्याच्या फंदात पडू नये. साधारण तीन-चार फेऱ्यांत हे जमते.

फुल अ‍ॅडव्हान्स बरोबर आणि मंद चालीवर मात्र खूण भलतीकडे, असे दिसले तर पहिल्याला धक्का लावू नये. वजनांचे किट असेल तर स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत किंवा वजने अडकत आहेत. रेघ एका जागी न राहता दोन-तीन अंश थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचे बुश गेले आहेत आणि ते बदलल्याशिवाय कोणतेही किट सरळ चालणार नाही.

रस्त्यावर

सपाट पाम बीच रोडवर सगळ्याच गाड्या छान पळतात. चाचणीला चढ हवा. ठाण्यात येऊर आणि नवी मुंबईत बेलापूरजवळची पारसिक टेकडी त्यासाठी योग्य, तेही सकाळी रहदारी नसताना. गायमुखच्या घाटात मात्र ट्रकच्या रांगेत हे करू नये. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 ला थ्रॉटल एकदम तीन चतुर्थांश उघडावे. हेडमधून टकटक ऐकू आली तर फुल अ‍ॅडव्हान्स क्रँकवर दोन अंशांनी कमी करावा, म्हणजे प्लेट डिस्ट्रिब्युटरचा रोटर फिरतो त्याच दिशेला कडेवर अर्धा मिलिमीटर सरकवावी, आणि पुन्हा तोच चढ चढावा. किक मागे मारत असेल तर सुरुवातीचा स्पार्क फार लवकर पडतो आहे. या गाडीची मागे मारलेली किक घोट्याला महागात पडते, म्हणून तशा अवस्थेत किक मारतच राहू नये. उलट गाडी जड वाटत असेल, थोड्या अंतरात फार तापत असेल आणि बेंडपाइपचे तोंड निळसर पडत असेल, तर टायमिंग मागे पडले आहे.

चढावर आवाज नाही, किक हलकी आणि मंद चाल स्थिर, इतके साधले की प्लेटच्या स्क्रूवर व कडेवर रंगाची एक आडवी रेघ ओढावी, म्हणजे पुढे काही सरकले तर नजरेला दिसेल. सगळ्या जोडण्यांमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरावे, कारण जुलैच्या पावसात पाणी पहिल्यांदा सेन्सरच्या कनेक्टरमध्येच शिरते. प्रायमरी कव्हर बसवून तेल पुन्हा भरावे. पुढच्या खेपेस ते उघडायचे नसेल तर खरादीवाल्याकडून रोटरच्या कडेसमोर एक भोक पाडून त्याला रबरी बूच बसवून घ्यावे. तीनेकशे किलोमीटर झाल्यावर त्या भोकातून एकदा स्ट्रोब टाकून पाहावा. माझ्या गाडीची पिवळी रेघ तेव्हा एका अंशाने सरकलेली होती, कारण प्लेटखालचे नवे वॉशर तोवर दबून बसले होते.